गाडी थंड ठेवते, थंड करत नाही

मागच्या एप्रिलमध्ये एका ट्रकड्रायव्हरच्या हिशेबातून नऊ हजार रुपये कापले गेले. ते कापले जाण्यात मी लिहिलेल्या सत्तरेक ओळींचा हात होता.

माझं काम सांगायला सोपं आहे. रेफ्रिजरेटेड ट्रकमध्ये एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. तो दर पाच मिनिटांनी आतल्या हवेचं तापमान सर्व्हरला कळवतो आणि आम्ही पुण्यात बसून त्या आकड्यांचे आलेख काढतो. फ्रोझन मालाची मर्यादा उणे १८ अंश. रेषा ठरावीक वेळेपेक्षा जास्त काळ या मर्यादेच्या वर राहिली की ती फेरी लाल होते आणि आपोआप तिघांना मेल जातो: माल पाठवणारा, माल घेणारा आणि गाडीचा मालक. ड्रायव्हरचं नाव त्या यादीत नसतं. त्याचा ईमेल विचारायचं कोणाला सुचलंच नाही.

ही फेरी होती भिवंडी ते नागपूर. गाडीत फ्रोझन मटार. नागपूरच्या गोदामात माल उतरवण्याआधी पिशवीत थर्मामीटर खुपसला तर उणे ११. माल परत. आमच्याकडे फेरी आधीच लाल झाली होती, त्यामुळे दोष कोणाचा यावर चर्चाही झाली नाही. चार दिवसांनी ड्रायव्हरमामांचा फोन थेट मला आला. नंबर त्यांना कोणी दिला ते अजून कळलेलं नाही. चिडले नव्हते. एवढंच म्हणाले, "साहेब, गाडी माल थंड ठेवती. थंड करत नाही. माझ्या ताब्यात दिला तेव्हाच तो गरम होता."

मी कॉम्प्युटरवाला. फर्स्ट इयरला थर्मोडायनामिक्स अगदी काठावर पास झालेलो. त्यामुळे हे वाक्य तपासायला मला आलेख पुन्हा उघडावा लागला. गाडी प्लॅटफॉर्मला लागली तेव्हा आत उणे १८ होतं. दार उघडलं, रेषा चढत अधिक ३ वर गेली आणि तिथेच तीन तास राहिली. दार बंद झाल्यावर ती खाली यायला लागली, पण इतकी हळू की अख्खी रात्र गेली. रिकामी गाडी तासाभराच्या आत खाली येते. ही येत नव्हती, कारण आत ठेवलेला मालच हवेला उष्णता देत होता. मामा बरोबर होते. ट्रकवरचं यंत्र भिंतींतून आत झिरपणारी उष्णता बाहेर फेकण्यापुरतं असतं. दहा-बारा टन मटार गोठवण्याचा जोर त्यात नसतो. तो मटार एप्रिलच्या उन्हात गोदामाच्या प्लॅटफॉर्मवर पडून राहिला, तिथेच सगळं झालं. पण प्लॅटफॉर्मवर सेन्सर नव्हता. सेन्सर गाडीत होता.

मग मी वाचत सुटलो. एका शहरातून दुसऱ्या शहरात थंड माल न्यायचा आणि वाटेत बिघडला तर नुकसान कोणी सोसायचं, हे पूर्वी कसं ठरत होतं?

सुरुवातीला थंडी हाच माल होता. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने १८३३ च्या मे महिन्यात 'टस्कनी' नावाच्या जहाजातून १८० टन बर्फ कलकत्त्याला धाडला. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवरून कापलेल्या लाद्या, त्यांच्याभोवती लाकडाचा भुसा. यंत्र कुठलंच नाही. दोनदा विषुववृत्त ओलांडून जवळपास चार महिन्यांनी जहाज पोचलं, तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. पुढच्याच वर्षी मुंबईत जमशेटजी जीजीभॉय यांनी पाहुण्यांना आईस्क्रीम खिलवलं आणि यजमानासकट सगळ्यांना सर्दी झाल्याची बातमी 'मुंबई समाचार'मध्ये आली, असा किस्सा सांगतात. मला त्या समुद्रात विरघळलेल्या ऐंशी टनांचं कौतुक वाटतं. ते ट्यूडरने आधीच हिशेबात धरले होते. बर्फ त्याचा, भुसा त्याचा, तूटही त्याची. ज्याची थंडी त्याचंच नुकसान, इतका सरळ मामला त्यानंतर फारसा दिसत नाही.

गुंता सुरू झाला तो शिकागोत, मांसामुळे.

तिथलं युनियन स्टॉक यार्ड्स १८६५ च्या नाताळात उघडलं. पश्चिमेकडच्या कुरणांतली गुरं रेल्वेने इथे यायची आणि इथून जिवंतच न्यूयॉर्क-बॉस्टनकडे रवाना व्हायची. कारण उघड आहे, मांस प्रवासात टिकत नाही, जनावर टिकतं. पण तेही धड टिकत नव्हतं. दाटीवाटीच्या डब्यांत गुरं वाळायची, जखमी व्हायची, काही मरायची. शिवाय बैलाच्या वजनातला साधारण निम्म्याहून थोडा जास्तच भाग खाण्याजोगा असतो. उरलेली शिंगं, खूर, आतडी यांचंही हजार मैलांचं भाडं भरावं लागे. ते रेल्वे कंपन्यांना मिळायचं, म्हणून त्यांची काही तक्रार नव्हती.

गस्टाव्हस स्विफ्टची होती. हा मॅसॅच्युसेट्सचा, चौदाव्या वर्षापासून खाटकाचं काम केलेला माणूस १८७५ साली शिकागोला आला. जनावर इथेच कापावं आणि फक्त मांस पाठवावं, हा विचार त्याच्या आधीही लोकांनी करून पाहिला होता. डेट्रॉइटचा जॉर्ज हॅमंड १८६० च्या दशकाच्या शेवटी बर्फाच्या डब्यांतून मांस पाठवत होता. त्या डब्यांच्या अडचणी वाचताना मला आमच्या बग-लिस्टची आठवण झाली. मांस बर्फाला टेकलं की काळं पडायचं. म्हणून ते वर टांगलं, तर वळणावर सगळी धडं एका बाजूला झोकायची आणि डबा कलंडायचा. स्विफ्टने स्वतः पहिल्या हिवाळ्यात सरळ डब्यांची दारं काढून मांस पाठवलं. बाहेरच थंडी, मग बर्फ कशाला? डोकं चांगलंच चाललं होतं, पण ते वर्षातले चार महिनेच चालणार होतं.

मग त्याने अँड्र्यू चेस नावाच्या इंजिनिअरला गाठलं. चेसचा डबा दिसायला साधा होता. बर्फ डब्याच्या दोन्ही टोकांना, छताजवळच्या कप्प्यांत. थंड हवा जड, ती खाली उतरते. मांसाची उष्णता घेऊन हलकी होते, वर चढते, बर्फाला लागून पुन्हा खाली. पंखा नाही, मोटर नाही. एक किलो बर्फ नुसता वितळताना जेवढी उष्णता पितो, तेवढ्याच उष्णतेत तेच पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. आणखी थंडी हवी तर बर्फात मीठ. घरी लाकडी पॉट फिरवून आईस्क्रीम केलेल्यांना हे सांगायची गरज नाही. मांसही गाडीत चढायच्या आधीच थंड केलेलं असायचं. मामांचं वाक्य शिकागोवाल्यांना तेव्हाच ठाऊक होतं.

डबा तयार झाला, पण तो ओढायला रेल्वे तयार होईनात. जिवंत गुरांच्या वाघिणी आणि वाटेतले गोठे यांत त्यांचा पैसा अडकला होता. शेवटी डबे स्विफ्टने स्वतःचे बांधून घेतले आणि कॅनडातून वळसा घालणारी ग्रँड ट्रंक रेल्वे धरली. तिच्याकडे गुरांची वाहतूक फारशी नव्हती, त्यामुळे गमावण्यासारखंही काही नव्हतं. पण एकदा भरलेला बर्फ शेवटपर्यंत पुरत नाही. वाटेत ठिकठिकाणी थांबून कप्पे पुन्हा भरावे लागतात. म्हणून मार्गावर बर्फ भरण्याची ठाणी उभारली, आणि त्यांना पुरवायला हिवाळ्यात तळ्यांवरून कापलेला बर्फ साठवून ठेवायची व्यवस्था केली. माझ्या मते स्विफ्टचा खरा शोध डबा नव्हे, ही ठाणी. मधलं एक जरी चुकलं तरी पुढची सगळी बिनकामाची. आज आपण 'कोल्ड चेन' म्हणतो ती हीच, बर्फाच्या लाद्यांनी बांधलेली.

पूर्वेकडच्या गावागावांतले खाटीक यात भरडले गेले. हजार मैलांवरून आलेलं मांस गावातल्या ताज्या मांसापेक्षा स्वस्त पडत होतं. १८८६ साली त्यांनी आपली राष्ट्रीय संघटना बांधली. मिनेसोटा राज्याने कायदाच केला की, कापण्याआधी चोवीस तासांच्या आत राज्यातच जिवंत जनावराची तपासणी व्हायला हवी. हेतू आरोग्याचा सांगितला होता, पण परिणाम एकच, शिकागोचं मांस बाहेर. १८९० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. खाटकांची बाजू संपूर्ण खरी होती असं मी म्हणणार नाही. पण दोष शोधायचा असेल तर तो आपण जिथे पाहू शकतो तिथे शोधायचा, ही त्यांची धडपड मला समजते.

पुढची गोष्ट फळांची, आणि ती माझ्या कामाच्या फार जवळची निघाली. शतक संपेपर्यंत कॅलिफोर्नियाची फळं आणि मिशिगनची पीच याच बर्फाच्या डब्यांतून मोठ्या शहरांत जाऊ लागली. डबे आर्मरसारख्या मांस कंपन्यांचे. काही रेल्वेंनी त्यांच्याशी करारच केला की फळं फक्त यांच्याच डब्यांतून जातील. त्यानंतर भाड्यापेक्षा वेगळं असं 'बर्फाचं बिल' यायला लागलं आणि ते वाढत गेलं. आपल्या पीचवर वाटेत किती बर्फ घातला, हे बागायतदाराला दिसत नव्हतं. बिल तेवढं दिसत होतं. ओरड इतकी झाली की १९०६ च्या हेपबर्न कायद्याने बर्फ भरण्याचे दरही सरकारी आयोगाच्या अखत्यारीत आणले. थंडीचा माणसांशी झालेला हा पहिला मोठा तंटा असेल, आणि तो तापमानाचा नव्हता. मोजणार कोण, याचा होता.

बर्फ जाऊन यंत्र आलं ते ट्रकबरोबर. मिनिआपोलिसच्या जोसेफ न्यूमेरोचा धंदा सिनेमाच्या ध्वनियंत्रांचा. उन्हात कोंबड्यांचा माल सडल्याचं रडगाणं गाणाऱ्या एका ट्रकमालकाला त्याने गोल्फ खेळताना शब्द देऊन टाकला, आणि तो निभावला त्याच्याकडच्या फ्रेडरिक मॅकिन्ली जोन्सने, असं सांगतात. जोन्स कृष्णवर्णीय, लहानपणी अनाथ झालेला, शाळा अर्ध्यावर सुटलेली, बाकी सगळं स्वतः वाचून शिकलेला. खोली थंड करणारी यंत्रं तेव्हा होतीच, पण ती रस्त्याच्या हादऱ्यांनी खिळखिळी व्हायची. जोन्सने १९३८ च्या सुमारास हादरे सोसणारं यंत्र बांधलं. सुरुवातीला ते गाडीच्या पोटाखाली होतं, तिथे चिखल बसायचा, म्हणून केबिनच्या वर, डब्याच्या कपाळावर नेलं. आज कुठल्याही रीफर ट्रकच्या कपाळावर तो गुरगुरणारा खोका दिसतो, तो तिथूनच आला. १९९१ साली अमेरिकेने दोघांना मरणोत्तर राष्ट्रीय पदक दिलं.

आणि हो, उणे १८ कुठून आला? फॅरनहाइटमधलं शून्य म्हणजे उणे १७.८ सेल्सिअस. लक्षात राहायला सोपा, गोल आकडा होता. नंतर १९५० च्या आसपास कॅलिफोर्नियातल्या आल्बनीच्या सरकारी प्रयोगशाळेत गोठवलेल्या अन्नावर वर्षानुवर्षं चाचण्या झाल्या आणि तो आकडा बरा ठरला. पण त्या चाचण्यांतलं महत्त्वाचं निरीक्षण वेगळं होतं: ऊब लागून होणारं नुकसान साठत जातं. नंतर कितीही थंड केलं तरी झालेलं भरून येत नाही. म्हणजे भिवंडीत गेलेले तीन तास नागपूरपर्यंत गाडीतच बसून होते.

आता मुंबई. इथे गोष्ट दुधाची आहे आणि ती मला शिकागोच्या शेजारी ठेवून वाचावीशी वाटते. चाळीसच्या दशकात मुंबईचं पुष्कळसं दूध शहरातल्याच तबेल्यांतून यायचं. म्हशी बाहेरून आणायच्या, शहरात कोंडून दूध काढायचं, आटल्या की बऱ्याचशा कत्तलखान्याकडे. न्यूयॉर्कला जिवंत गुरं नेण्यामागचाच हा हिशेब: दूध प्रवासात टिकत नाही, म्हैस टिकते.

१९४५ साली मुंबई सरकारने दूध योजना आखली. चारशेहून अधिक किलोमीटरवरच्या आणंदहून दूध रेल्वेने आणायचं. तेवढ्या दुधाचं पाश्चरायझेशन करून ते थंड करण्याची सोय तिथे होती फक्त पॉल्सन डेअरीकडे. कॅनना ओली गोणपाटं गुंडाळायची, त्यांवर गार पाणी मारायचं, अशा युक्त्यांनी ते दूध मुंबईला पोचायचं. ऐकायला गावठी वाटतं, पण मातीच्या माठाचं विज्ञान तेच आहे. सरकार पैसे पॉल्सनला देई, शेतकऱ्याला मधले ठेकेदार देतील ते. दूध घेऊन दुसरीकडे जायची सोय नव्हती. धारोष्ण दूध काही तासांत नासतं, आणि ते थांबवणारं यंत्र एकाचंच होतं. थंडी ज्याच्या हातात, भाव त्याच्या हातात.

४ जानेवारी १९४६ ला समरखा गावात सभा झाली. मोरारजी देसाई हजर होते, मागे वल्लभभाईंचा सल्ला होता. ठरलं असं की दूध विकायचं तर आपल्याच सहकारी संघामार्फत, नाहीतर विकायचंच नाही. पंधरा दिवस खेडा जिल्ह्यातून मुंबईला दूध गेलं नाही. सरकार नमलं. डिसेंबरमध्ये त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखालच्या संघाची नोंदणी झाली आणि जून १९४८ मध्ये दोन गावांच्या जेमतेम अडीचशे लिटर दुधावर काम सुरू झालं.

नायक म्हणून इथे वर्गीस कुरियन यांचं नाव येतं आणि यायलाच हवं. पण १९४९ साली ते आणंदला आले तेव्हाची अडचण मला जास्त जवळची वाटते. संघाकडची जुनी यंत्रं सारखी बंद पडत आणि मुंबईला पोचलेलं दूध खराब म्हणून परत येई. कुरियन यांनी नवा पाश्चरायझर घ्यायला लावला. पुढे त्यांचे सहकारी एच. एम. दलाया यांनी म्हशीच्या दुधाची पावडर करून दाखवली आणि १९५५ मध्ये तो कारखाना उभा राहिला. कारण हिवाळ्यात दूध उतू जायचं आणि मुंबई ते सगळं घ्यायला तयार नसायची. न विकल्या गेलेल्या दुधाचं नुकसान थेट गोठ्यावर येऊन पडायचं.

आणंदच्या पद्धतीतली एक बारीक गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. गावातल्या डेअरीत, सकाळ-संध्याकाळ, दूध ओततानाच त्याचं माप आणि फॅटची तपासणी व्हायची, दूध आणणाऱ्या बाईच्या डोळ्यांसमोर. त्या क्षणी दूध संघाचं झालं. त्यानंतर ते वाटेत नासलं, डेअरीत नासलं, मुंबईत नासलं, तरी तिच्या हिशेबाला हात लागायचा नाही. १९७० मध्ये सुरू झालेल्या दूध महापूर योजनेत हीच रीत देशभर गेली आणि दुधाचे टँकर थेट दिल्ली-कोलकात्यापर्यंत धावू लागले. त्या टँकरना बऱ्याचदा थंड करणारं यंत्रही नसतं. दूध आधीच चारेक अंशांपर्यंत गार करून जाड आवरणाच्या टाकीत भरतात. एवढा मोठा साठा सहजासहजी तापत नाही. गाडी थंड ठेवते, थंड करत नाही, याचं याहून चांगलं उदाहरण मला सापडलं नाही.

मुंबई-गोवा हायवेवर मासळीच्या गाडीमागे बाइक चालवलेल्यांनी रस्त्यावर गळणाऱ्या त्या पाण्याला शिव्या दिल्या असतील. मीही दिल्यात. आता ते पाणी दिसलं की वाटतं, इथे निदान थंडी खर्च होताना दिसते तरी. आमच्या गाड्यांतून काही गळत नाही. सगळं सर्व्हरवर असतं, आणि सर्व्हर आम्ही सांगू तेच दाखवतो.

ऑफिसमध्ये मी दोन गोष्टी मांडल्या. एक, गाडीच्या दाराला सेन्सर आहेच, त्याची नोंदही आपल्याकडे येते. मग दार उघडं असतानाचा वेळ फेरीतून वेगळा काढावा आणि तो गोदामाच्या नावावर टाकावा. दोन, माल चढवतानाचं मालाचं तापमान लिहिल्याशिवाय फेरी सुरूच होऊ नये. कोड लिहायला मला दीड दिवस लागला. मॅनेजरने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आपल्याला पैसे कोण देतं?" पैसे गोदामवाले देतात. दाराचा रकाना आता डॅशबोर्डवर आहे, पण तो फक्त आम्हाला दिसतो. तिघांना जाणारा मेल अजून तसाच जातो. तो पुन्हा विषयावर घ्यायचं ठरलंय, पुढच्या तिमाहीत.

मामांना मी हे सगळं फोनवर सांगितलं. आणंदची गोष्टही सांगितली, कंटाळले असतील. शेवटी म्हणाले, "मंजी पैसे काय मिळत नाहीत." नाही मिळालेले.

पण त्यांनी स्वतःचा एक थर्मामीटर घेतला आहे, टोकदार सळईचा, मटणात खुपसतात तसला. आता दर वेळी गाडी भरायच्या आधी ते एका खोक्यात तो घुसवतात, आकड्याचा फोटो काढतात आणि मला व्हॉट्सॲपवर पाठवतात. माझ्याकडे ते फोटो ठेवायला सिस्टीममध्ये जागा नाही, म्हणून लॅपटॉपवर एक फोल्डर केलाय. काल रात्री पावणेबाराला आलेल्या फोटोत उणे १३ होतं. खाली लिहिलं होतं, "भरू का?"